प्रकाश सिरियस, ताबडतोब या

माझा दीर प्रकाश एका शुक्रवारी सकाळी घाटकोपरला, आमच्या राहत्या घरी, सिरियस होता. तब्येत अगदी ठणठणीत होती.

हे दोन्ही एकाच वेळी कसं, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी अकरा माणसांनी मला हेच विचारलं होतं, तेही मालवणीतून आणि एकदमच. त्यामुळे आता मला सांगायची सवय झाली आहे.

गोष्ट ऐंशीनंतरची. पंतनगरला हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. घरात तिघं: मी, आमचे हे, आणि ह्यांचा धाकटा भाऊ प्रकाश. सासूबाई आणि सासरे, म्हणजे आई आणि आबा, मालवणकडे गावी. आणि घरात इंग्रजी कुणाचं चांगलं? तर माझं! (हे मी म्हणत नाही. म्हणजे तेव्हा मीच म्हणत होते.)

'सिरियस' हा शब्द मला तसा लहानपणापासून येत होता. माझं माहेर वाकोल्याचं, चाळीतलं. तिथे हा शब्द इंग्रजी आहे हेच मला चौथीपर्यंत माहीत नव्हतं. 'सात नंबरवाले आजोबा सिरियस आहेत' असं कुणी म्हटलं की रेडिओ बंद, कॅरम बंद, फोडणीसुद्धा हळू द्यायची. अर्थ एकच. नाकात नळी, उशाशी नातेवाईक, आणि डॉक्टर सांगून गेलेत की कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

लग्नानंतर मी अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यू लुक लाइक अ व्हेरी सिरियस गर्ल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं! तशीच बाथरूममध्ये गेले, आरशात जीभ काढून बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त आहे का बघितलं. सकाळी इडलीनं जरा जळजळत होतं, बाकी काही नव्हतं. पण साहेब शिकलेले, त्यांना काहीतरी दिसलं असणार! मागून आमची स्टेनो लोर्ना आली.

"काय गं, रडतेस काय?"

"साहेब म्हणाले मी सिरियस आहे."

लोर्ना इतकी हसली की तिला नळ धरावा लागला. "येडी आहेस काय? सिरियस म्हणजे मन लावून काम करणारी. टाइमपास न करणारी!" मग डोळे पुसत म्हणाली, "माझा फ्रान्सिसपण सिरियस आहे ना."

"अगं बाई! कुठल्या हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटल कसलं? माझ्याबद्दल सिरियस आहे! लग्न करणार!"

मी थक्क झाले. खरंच सांगते, नळाशी उभी राहून मी थक्क झाले. एकाच शब्दात माणूस जायला पण टेकतो आणि त्याचं लग्न पण ठरतं! आपल्याकडे या दोन गोष्टींना भटजीसुद्धा वेगळे लागतात. आणि इंग्रजांनी बघा, एक शब्द काढला आणि जन्मभराची सोय केली. त्या दिवसापासून त्या शब्दाकडे मी हात जोडून बघायला लागले. आणि वापरायला लागले ते तर विचारूच नका. दूध गॅसवर ठेवलं की ह्यांना सांगायचं, "सिरियसली लक्ष ठेवा." भेंडी जून निघाली की भाजीवाल्याला, "भय्या, मैं सिरियस हूँ." तो बिचारा पाणी आणायला धावायचा.

"तू डिक्शनरी गिळलीस काय गं?" हे म्हणायचे. हे बेस्टच्या डेपोत फिटर. ह्यांना सगळं एका वाक्यात लागायचं.

तर असं सगळं चाललेलं असताना एका मंगळवारी दोन गोष्टी झाल्या. सकाळी गावाहून आबांचं पत्र आलं. 'मुलगी पसंत केली आहे. येत्या रविवारी सुपारी फोडतो आहे. प्रकाशने शनिवारी हजर व्हावे. मुंबईत कुणाला काही शब्द दिला असल्यास परत घ्यावा.' आणि संध्याकाळी प्रकाश स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, मी सिरियस आहे."

ह्यांनी ताबडतोब त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही."

"अहो, तसा नाही!" मी ओरडले. (बघा. देवानं मला इथेच इशारा दिला होता. मी घेतला नाही.) "कोण रे ती?"

मुलीचं नाव रत्ना. मरोळला औषधांच्या कंपनीत प्रकाश मशीनवर आणि ती पॅकिंगला. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वडील नव्हते, आई, प्रकाश तिला मावशी म्हणायचा, मासळी विकायची. प्रकाश दोन वर्षं तिच्याशी बोलत होता आणि त्यानं तिच्या आईला शब्दही दिला होता. आबांनी जो परत घ्यायला सांगितला होता तोच.

"वहिनी, आबांनी एकदा सुपारी फोडली ना, की माझी वाट लागली. आबा शब्द फिरवत नाहीत. तू काहीतरी कर ना!" बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांचा बाप्या, पण मी डोळे पुसायला पदर पुढे केला.

आबा शब्द फिरवत नाहीत हे खरंच होतं. त्यांना फिरवताच आला नसता. कारण आबा गावचे गाऱ्हाणं घालणारे. देवळात सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं ते आबांनी. ते 'बा देवा म्हाराजा' करून मोठ्यांदा मागणं मागायचे आणि मागे उभा असलेला गाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणायचा. असा माणूस बोललेलं मोडणार कसं?

पत्र पोचायला पाच दिवस. गावात फोन एकच, तोही पोस्टात, आणि ट्रंककॉल लागला तरी पोस्टमास्तर तिथून हलायचे नाहीत. उरली तार. आणि तार इंग्रजीतच हवी, त्याशिवाय वजन पडत नाही, असं मी जाहीर केलं.

मी लिहिलं: प्रकाश वर्सोव्याच्या एका मुलीबद्दल सिरियस आहे, तरी सगळं थांबवा आणि ताबडतोब या. हे सगळं झकास इंग्रजीत. ह्यांनी वाचलं आणि डोकं खाजवलं.

"तार आधी पोस्टमास्तर वाचणार. म्हणजे आबांच्या आधी गाव वाचणार. त्यातली ती मुलगी काढ."

मुलगी काढली.

"वर्सोवापण काढ. वर्सोवा म्हटलं की लोकांना बरोबर कळतं."

वर्सोवा काढलं. मग 'बद्दल' नुसतंच लोंबकळायला लागलं, तेही काढलं. राहिलं ते असं: 'प्रकाश सिरियस स्टॉप एव्हरीथिंग कम इमिजिएटली.' म्हणजे प्रकाश सिरियस आहे, सगळं थांबवा, ताबडतोब या. मी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. कसं दणदणीत वाटत होतं! मलाच माझा अभिमान वाटला.

बुधवारी तारघरात गेले. खिडकीतल्या कारकुनानं पेन्सिलीनं शब्द मोजायला घेतले आणि दुसऱ्याच शब्दावर तो थांबला. वर बघितलं.

"कोण तुमचे?"

"दीर."

"वय?"

"सव्वीस."

"अरेरे! लग्न झालंय?"

"नाही ना, तोच तर सगळा घोळ आहे!"

कारकुनानं चष्मा काढून पुसला. "धीर धरा ताई. देव आहे." रांगेतल्या माणसांनी बाजूला होऊन मला स्टूल दिलं. एकानं पाणी आणलं. एक म्हातारे गृहस्थ माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. कारकुनानं तारेवर 'अर्जंट' लिहिलं आणि सगळ्यांच्या आधी ती आत नेऊन दिली. मी भारावून घरी आले. चार ओळी इंग्रजी लिहिणाऱ्या बाईला मुंबईत केवढा हा मान!

गावात काय झालं ते मला नंतर कळलं. पोस्टमास्तर स्वतः तार घेऊन सायकलवरून आले आणि आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहून वाचायला लागले. तारेत 'स्टॉप' म्हणजे पूर्णविराम, हे त्यांना नोकरीमुळे पक्कं ठाऊक.

"प्रकाश सिरियस," त्यांनी वाचलं.

'सिरियस' गावात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आई मटकन खाली बसल्या. "काय झाला तेका? काय सिरियस आसा?"

"हंय वाक्य संपला. फुडे लिवलेला आसा, एव्हरीथिंग."

"म्हंजे?"

"म्हंजे सगळाच," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली.

आबा उठले ते थेट देवळात. मागे अख्खी वाडी. तिथे आबांनी हात जोडून जे गाऱ्हाणं घातलं, तसं त्यांनी आयुष्यात घातलं नव्हतं म्हणे. "बा देवा म्हाराजा! माझो झील मुंबैक सिरियस आसा म्हाराजा! तेका उठवून बसव म्हाराजा! तो उठान जा मागात, ता मी तेका देयन म्हाराजा!" उठून मागेल ते द्यायचं, असा शब्दच दिला देवाला, आणि वाडी रडत रडत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

गुरुवारच्या एसटीत अकरा जण बसले. आई, आबा, आत्याबाई, झाडपाल्याचं औषध देणारे तात्या, भजनाचे बुवा, वाडीतली माणसं, आणि ज्यांच्या मुलीशी प्रकाशचं ठरत होतं ते गृहस्थसुद्धा. "पोरगो सिरियस आसा," एवढंच कंडक्टरला सांगितलं आणि काय सांगू तुम्हाला, लोकांनी उठून पुढच्या सीटा दिल्या. जेवायच्या थांब्यावर ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, "कोणाक भूक आसा?" अख्ख्या गाडीत एक माणूस हो म्हणाला नाही! गाडी तशीच पुढे निघाली. एका शब्दावर पन्नास माणसं उपाशी राहिली, आणि ती गाडी कुर्ल्याला वेळेच्या दीड तास आधी पोचली. हे आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

इकडे मी शुक्रवारची रजा टाकली होती, ह्यांनाही टाकायला लावली होती. माझा हिशेब पक्का होता. आई-आबा दोघं येणार, अकरापर्यंत. रत्ना आणि तिच्या आईलाही मी अकरालाच बोलावलं होतं. समोरासमोर बसवायचं आणि आपण मध्ये बसून गोड बोलायचं. घर कसं दिसायला हवं? मोकळं! म्हणून मी टेबल, खुर्च्या, प्रकाशची खाट, सगळं बाहेर गॅलरीत काढलं. शेजारून मोठी सतरंजी आणून अंथरली. देवापुढे उदबत्त्या लावल्या, शुभ कार्य म्हणून एक पुडाच लावला. ऑफिसची ऑफ-व्हाइट साडी नेसले, सोबर दिसावं म्हणून. प्रकाश आठला रात्रपाळीहून आला आणि खाट नाही म्हणून सतरंजीवरच आडवा झाला. डोळ्यांवर उजेड येतो म्हणाला. रंगीत चादरी सगळ्या मी धुवायला भिजवलेल्या. मग एक नवीकोरी पांढरी चादर काढली आणि डोक्यापासून पायापर्यंत त्याच्यावर घातली.

सगळं सिरियसली केलं होतं हो मी!

पावणेदहाला खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. मी दारात आले तर जिन्यातून आई वर येत होत्या. माझी साडी बघितली. माझ्या खांद्यावरून आत बघितलं. बाहेर काढलेलं सामान, सतरंजी, उदबत्त्यांचा धूर आणि मध्ये पांढरी चादर.

"माझ्या बाबल्याऽऽ!"

ती किंकाळी कुर्ल्यापर्यंत गेली असेल. मागोमाग आत्याबाईंनी हंबरडा फोडला, मग जिन्यातल्या माणसांनी, मग काही माहीत नसताना आमच्या मजल्यावरच्या चार बायकांनी. अकरा माणसं आत घुसली. बुवांच्या पिशवीत टाळ होते, ते खाली आपटून वाजले. (टाळ कशाला आणले होते ते मी त्यांना कधीही विचारलं नाही.)

मी तोंड उघडून उभी.  आणि तेवढ्यात आबा माझ्या शेजारून आत गेले.

आबा टोपी घातल्याशिवाय परसातसुद्धा जायचे नाहीत. इस्त्रीचं धोतर, काळी छत्री, गावात त्यांचा केवढा दरारा! ते आबा बोडक्या डोक्यानं आले होते. आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात त्यांची स्वतःची चप्पल होती, दुसऱ्या पायात आईंची. निळ्या पट्ट्याची, बायकी, टाच अर्धी बाहेर. मालवणहून घाटकोपरपर्यंत तो माणूस तसा आला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मला एकदम रडू आलं. आपण काय केलंय ते मला तेव्हा, त्या चपलेकडे बघून कळलं.

आबा चादरीशी बसले आणि हात त्यांनी चादरीवरून कपाळावर ठेवला.

"कोण आहे रे? झोपू दे ना यार!" चादर म्हणाली.

आत्याबाई सतरंजीवर आडव्या झाल्या. प्रकाश उठून बसला, अकरा माणसं बघितली आणि त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आबा? तुम्ही सगळे? काय झालं? कोण गेलं?"

"तू!" आई म्हणाल्या, आणि त्याला मिठी मारून आधी रडल्या, मग पाठीत धपाटे घातले, मग परत रडल्या. तात्यांनी बाटलीतला कडू काढा त्याच्या तोंडात ओतला. तो बरा आहे असं सगळे सांगत होते, पण काढा मालवणहून आणलेला, तात्या म्हणाले, "हाडलंय तर घेवंदे."

मग आबा माझ्याकडे वळले. 

"सूनबाय, ह्यो सिरियस नाय?"

"आहे ना, आबा. सिरियस आहे. पण बरा आहे."

"बरो आसा, मगे सिरियस कसो?"

"म्हणजे शरीरानं नाही. मनानं सिरियस."

"डोक्यात गेला," तात्या म्हणाले आणि दुसरी बाटली शोधायला लागले.

"नाही हो! तो एका मुलीबद्दल सिरियस आहे!"

"चेडू पण सिरियस?" आत्याबाई ताडकन उठून बसल्या. "म्हंजे साथ आसा!" आणि त्यांनी पदर नाकाला लावला. मागच्या दोघांनी दारापर्यंत माघार घेतली.

मी कपाळावर हात मारला. ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीला टेकून उभे होते आणि मला ओळखत नसल्यासारखा चेहरा केला होता. शेवटी प्रकाशच म्हणाला, "आबा, मला लग्न करायचंय. त्याला इंग्रजीत सिरियस म्हणतात."

अकरा माणसांनी ते गिळायला जरा वेळ घेतला. गावाकडच्या मुलीचे वडील सगळ्यांत आधी सावरले. "आबानु, रागाव नकात, पण आमचा चेडू तुमका देवचा नाय. आज ह्यो उठलो, उद्या परत निजलो तर?" आणि ते मोकळे होऊन खिडकीशी जाऊन बसले.

तेवढ्यात दारात रत्ना आणि तिची आई! मावशी जरीकाठाचं हिरवं लुगडं नेसलेल्या, अंगावर होतं नव्हतं ते सोनं, आणि डोक्यावर पाटीत पापलेटं आणि सुरमई. मावशींनी बाहेरचं सामान बघितलं, सतरंजी, रडून सुजलेले डोळे, मध्ये पांढऱ्या चादरीत बसलेला जावई, आणि पाटी धाडकन खाली ठेवली. "आगो बाय माझे! काल त बरा व्हता पोरगा!" म्हणून त्यांनीही सूर लावला. झालं! आई परत सुरू, आत्याबाई परत सुरू.

"मावशी, मी जिवंत आहे!" प्रकाश चादरीसकट उभा राहिला.

रत्ना मात्र रडली नाही. ती सरळ त्याच्याकडे गेली, त्याच्या दंडाला जोरात चिमटा काढला, तो ओरडला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या लक्षात आलं की पंधरा माणसं बघताहेत. तिनं वाकून आधी आबांच्या पायांना हात लावला. आणि हात तसाच ठेवून म्हणाली, "बाबा, तुमच्या चपला वेगळ्या आहेत."

आबांनी पहिल्यांदा खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"आमच्या घरात दर्यावरची सून आजवर इलेली नाय," शेवटी ते म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. प्रकाशचा चेहरा पडला. रत्ना उभी राहिली आणि मावशींच्या मागे गेली. मला वाटलं, संपलं सगळं. एवढा तमाशा केला आणि पोराचं लग्न मीच मोडलं.

तेव्हा आई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "गाऱ्हाना कोणी घातलेला?"

आबा छत्रीची मूठ पुसायला लागले.

"तो उठान जा मागात ता देयन, म्हणान कोण बोललो? मी?"

प्रकाशला काय ते कळायला एक क्षण लागला. मग तो चादर सावरत म्हणाला, "आबा, मी उठलो. आता मागू?"

आबांनी वर बघितलं, आमच्या हाउसिंग बोर्डाच्या ओल आलेल्या छताकडे, डोळे मिटले आणि अगदी हताश होऊन त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बा देवा म्हाराजा..."

आणि मागच्या दहा माणसांनी, जन्माच्या सवयीनं, एका आवाजात गर्जना केली, "व्हय म्हाराजा!"

झालं की हो! देवाला साक्ष ठेवून, गावानं एकमतानं, आमच्या घाटकोपरच्या खोलीत लग्न ठरवलं!  आबांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे रागानं बघितलं, मग पाटीकडे बघितलं, आणि मावशींना विचारलं, "पापलेटा ताजी आसत?"

"पहाटेची हायत," मावशी म्हणाल्या.

जेवताना आबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार.

"तार तू लिवलंस?"

"हो, आबा."

"इंग्रजी खंय शिकलंस?"

"वाकोल्याला."

"हां," आबा म्हणाले आणि सुरमईचा तुकडा मोडला. मग थोड्या वेळानं, "सिरियसचे अर्थ किती म्हणालंस?" मी त्यांना सगळे अर्थ नीट समजावून सांगितले. जेवण संपेपर्यंत सांगत होते. ते मान हलवत होते. आपल्या इंग्रजीचा एवढा घोळ होऊनसुद्धा सासरे मन लावून ऐकतात, या आनंदात मी दोनदा भात वाढायला विसरले.

लग्न वैशाखात झालं. वर्सोव्याचा बँजो आणि मालवणचे बुवा एकाच मांडवात वाजले. (टाळ कामाला आले.) प्रकाश-रत्नाला पुढच्या वर्षी मुलगी झाली. मी वहिनीची 'सिरियस वहिनी' झाले ती कायमचीच, आणि मीही ते नाव मिरवायला लागले. कुणी नवीन पाहुणा आला की मी त्याला सांगायचे, बघा, लोक नीट विचार करत नाहीत, एका शब्दाचे दोन अर्थ असतात, ऐकणाऱ्यानं आधी शांतपणे विचार करावा, कुठला अर्थ आहे ते बघावं.

आणि मग एका मे महिन्यात आम्हाला गावाहून तार आली. इंग्रजीत. 'आबा सिरियस स्टॉप ब्रिंग एव्हरीबडी.'

मी ती वाचली आणि किंकाळी फोडली. घरातले, शेजारचे, सगळे धावले. वर्सोव्याला निरोप गेला, मावशी, त्यांचे भाऊ, भावजया, सगळे जीप करून आले. आम्ही तेराजण आणि रत्नाची तान्ही. पनवेल सुटलं, महाड सुटलं, मी रडतेच आहे. ह्यांनी एकदा दबकत विचारलं, "अगं, पण ह्याचा दुसरापण अर्थ..." मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते कणकवलीपर्यंत बोलले नाहीत. वाटेत जीप जेवायला थांबवायची म्हणाले, तर मी थांबू दिली नाही.

सकाळी गावात पोचलो. मी सगळ्यांच्या पुढे धावत खळ्यात शिरले, "आबाऽऽ!" करत.

आबा खळ्यात मांडी घालून बसले होते. हाताला खोबरेल लावलेलं, समोर मोठा फणस, आणि एकेक गरा काढून टोपलीत टाकणं चाललं होतं.

"इलास? बरा झाला," ते म्हणाले. "चेडवाक हंय हाडा."

"आबा, तुम्ही... तारेत तर... सिरियस..."

"आसय ना. नातीबद्दल." त्यांनी तेलकट हात पुसले आणि तान्हीला घ्यायला पुढे केले. "वर्ष झाला, तोंड दाखवक नाय. मगे सिरियस जावचा नाय? तूच म्हणालंस ना, तेचे दोन अर्थ आसत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते.

मी खाली बघितलं. एका पायात माझी चप्पल होती. दुसऱ्यात ह्यांची.